माथेरानचे बंगले आणि आपली हॉस्टेलची खोली

मे महिन्यात हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना एकच प्रश्न पडतो. रात्री अकरा वाजतासुद्धा खोली भट्टीसारखी का? उत्तर डोक्यावरच आहे. सपाट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्यावर सोडतो. फॅन नव्हते तेव्हा लोक काय करत, हे बघायचं तर माथेरानला जा.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढले. मग मुंबईच्या इंग्रज, पारशी आणि इतर श्रीमंतांनी इथे उन्हाळी बंगले बांधले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे आली. पण डोंगरावर नदी नाही, मग पाणी? पावसाचं पाणी बांध घालून शार्लोट लेकमध्ये साठवलं. या तळ्याचा उन्हाळ्यात इथल्या वस्तीला मोठा आधार झाला.

आता तळ्याकडे जाताना दिसणारे जुने बंगले नीट बघा. भिंती जाड, जांभ्या दगडाच्या. हा दगड खाणीत मऊ असतो, सहज कापता येतो आणि हवेत कडक होतो. जाड भिंत तापायला वेळ लागतो. पुढे रुंद व्हरांडा, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही, आणि पावसाचा माराही अडतो. वर उतरतं छप्पर, त्यामुळे पाणी साचत नाही. छत उंच असल्याने गरम हवा वर जाते आणि झरोक्यातून बाहेर पडते. यातलं काहीच शोभेसाठी नाही!

आपल्या नाशिकच्या वाड्यांनी हाच प्रश्न उलट्या पद्धतीने सोडवला. गल्ली अरुंद, शेजाऱ्याची भिंत चिकटलेली, म्हणून वाडा आत चौकाकडे उघडतो. बंगल्याभोवती झाडं, म्हणून तो बाहेर उघडतो. आपलं हॉस्टेल धड आत उघडत नाही, धड बाहेर.

माथेरान २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळे झाडांना संरक्षण आहे. पण बंद पडलेल्या बंगल्याचं छप्पर एकदा गळायला लागलं, की लाकूड कुजतं आणि घर हळूहळू खचतं. कायद्याने वासे दुरुस्त होत नाहीत. वाड्यांचंही तेच.

म्हणून सिव्हिलच्या मित्रांना एक सुचवतो. पुढच्या ट्रिपला कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टीही घ्या. मालकाची परवानगी काढून एका घराचा तरी प्लॅन आणि सेक्शन काढा. घर पडलं तरी ड्रॉइंग राहील, आणि उद्या हॉस्टेल बांधायची पाळी आपल्यावर आली तर ते नक्की उपयोगी पडेल.