घरची शाळा
(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे, या पद्धतीला हल्ली होमस्कूलिंग म्हणतात. मराठीत आपण तिला गृहशिक्षण म्हणू. मुंबई-पुण्याकडची काही सुशिक्षित कुटुंबे गेली काही वर्षे हा मार्ग धरीत आहेत. आपल्या पिंपळनेर भागात ही गोष्ट कुणाला सांगितली की पहिला प्रश्न येतो, "शाळामा नही जाई, तं पास कसा व्हई?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी पुढे देणार आहे. परंतु त्याआधी अशा घरात आठवडाभर चालते तरी काय, हे पाहिले पाहिजे.

अशा घरांत साधारणपणे दोन तऱ्हा आढळतात. काही आईवडील शाळेसारखेच वेळापत्रक करतात. फक्त फळा घरातल्या भिंतीवर असतो. काहीजण मुलाला ज्याची गोडी लागेल तिकडे त्याला जाऊ देतात आणि आपण मागे राहतात. बहुतेक कुटुंबे शेवटी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी स्थिरावतात. सकाळचे दोन-तीन तास गणित आणि भाषा. इतक्या थोड्या वेळात कसे भागते, असे वाटेल. पण वर्गात पन्नास मुले असली म्हणजे हजेरी, गडबड आणि एकमेकांसाठी थांबणे यातच पुष्कळ वेळ जातो. एकाला एक शिकवणारा असला की अडलेले तिथल्या तिथे सुटते. दुपारी वाचन, चित्रे, एखादे हातकाम. स्वयंपाकघरात वजनमाप, बाजारात हिशेब. आठवड्यातला एक दिवस ग्रंथालयाचा, एक दिवस बाहेर पाहण्या-फिरण्याचा, आणि एक दिवस अशाच दुसऱ्या कुटुंबांतल्या मुलांना भेटण्याचा, म्हणजे सवंगड्यांची उणीव भासू नये.

परदेशात या विचाराचा बोलबाला इव्हान इलिच यांच्या १९७१ सालच्या 'डीस्कूलिंग सोसायटी' या पुस्तकाने झाला. पुढे १९७७ साली जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाने शाळेविना वाढणाऱ्या मुलांसाठी एक नियतकालिकच काढले. पण म्हणून ही कल्पना अमेरिकेतून आली असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात तिचे एक फार मोठे उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते म्हणजे पंडिता रमाबाईंचे घर.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थी असताना आपल्या गुरूंबरोबर पुण्यास पेशव्यांच्या वाड्यात जात. गुरू तेथे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. एक बाई संस्कृत श्लोक म्हणते हे पाहून त्या तरुणाच्या मनाने घेतले की आपल्याही पत्नीला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई घरात आली, तेव्हा पुन्हा विरोध झाला. मग अनंतशास्त्री तिला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले आणि तिथे त्यांनी तिला संस्कृत शिकवले. १८५८ साली त्याच रानात रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि नंतर त्यांना कायमचे घर असे राहिलेच नाही. पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे आणि पुढच्या गावी जायचे. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवले ते आईने. दिवसभर कामाचा रगाडा असे, तेव्हा शिकवायला सापडे ती पहाटेची वेळ. अंधारातच मुलीला उठवून आई तिच्याकडून श्लोक म्हणून घेई. ना पाटी, ना वर्ग, ना घंटा. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले होते, असे त्यांच्या चरित्रांत आढळते. कन्नड, हिंदी, बंगाली या भाषा त्या प्रवासात ऐकून-बोलून शिकल्या. आजची कुटुंबे ज्याला सहल म्हणतात, ती या घरात वर्षानुवर्षे चालू होती.

१८७८ साली रमाबाई आपल्या भावाबरोबर कलकत्त्यास पोहोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या वीस वर्षांच्या मुलीचा हा गौरव होता. येथपर्यंतची कथा आपण शाळेत ऐकलेली असते.

तिचा मधला भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि त्या उपासमारीत आधी वडील, मग आई गेली. पुढे मोठी बहीणही गेली. रमाबाईंनी नंतर स्वतः लिहून ठेवले आहे की आपल्याला पोथीखेरीज दुसरे काहीच येत नव्हते. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्यास अभिमान आड येत होता. आईवडिलांनी आपल्याजवळ होते ते सर्व मुलांना दिले, पण जे त्यांच्याजवळ नव्हते ते कोठून देणार? मला गृहशिक्षणाच्या साऱ्या चर्चेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. घर जेवढे मोठे, तेवढीच घरची शाळा मोठी.

दुसरीही एक बाजू आहे. शाळेत मास्तरांनी मारले तर मूल घरी येऊन सांगू शकते. घरीच मारले तर कुठे सांगायचे? आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांना लहानपणी घरी शिकवले ते त्यांचे पती गोपाळराव यांनी, आणि त्या शिकवण्यात मारझोडही होती. ती आनंदीबाईंनी निमूट सोसली. गोपाळरावांनी शिकवले नसते तर आनंदीबाई घडल्या नसत्या हे खरे, पण म्हणून ती मारझोड विसरावी असे मला वाटत नाही.

आजच्या काळातले प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या मालविका जोशी हिचे आहे. सातवीनंतर आईने तिला शाळेतून काढले आणि स्वतःची नोकरी सोडून घरी शिकवले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदके मिळवली. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आय.आय.टी.चे दार तिला बंद होते, पण २०१६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या जगप्रसिद्ध संस्थेने तिला प्रवेश दिला. वर्तमानपत्रांनी मुलीच्या हुशारीवर रकानेच्या रकाने भरले आणि ते योग्यच झाले. मी मात्र 'नोकरी सोडून' या दोन शब्दांपाशी थांबले. नोकरी सोडूनही घर चालले पाहिजे, आणि शिकवण्याइतके आईला यायलाही पाहिजे.

आता समजा, आपल्या पिंपळनेरातल्या एखाद्या कुटुंबाने हे करायचे ठरवले, तर त्यांचा आठवडा कसा जाईल? मला तर वाटते की सहलींच्या बाबतीत पुण्या-मुंबईच्या मुलांनी आपला हेवा करावा. बाजाराच्या दिवशी कोकणी, भिल्ल, अहिराणी बोलणारी माणसे एकाच ओट्यावर भाव करताना ऐकायला मिळतात. भाषेचा याहून चांगला तास कोणता? लाटीपाड्याचे धरण जवळ आहे. ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. बागलाणातला साल्हेर किल्ला १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ साली तिथे मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे किल्ले आले त्यांत साल्हेर आहे. एस.टी.ने धुळ्याला गेले तर राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रे पाहता येतात.

पण एकच सहल निवडायची झाली तर मी पांझरेकाठचा फड निवडीन. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवायचे, ते पाटाने उतारावरून शेतात न्यायचे, आणि बंधाऱ्याखालची सारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटायची. या प्रत्येक तुकड्याला फड म्हणतात. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, आणि पुढच्या वर्षी पालट. शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे फक्त पाटाच्या तोंडाशी असलेल्याचेच भले झाले आणि शेवटच्याचे पीक वाळले, असे होत नसे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः दारे फोडायचे नाही. भांडण झाले तर पंच. शेकडो वर्षांची ही पद्धत विहिरी, बोअर आणि धरणांच्या पाण्यामुळे पुष्कळशी मागे पडली आहे, तरी बंधारे आणि पाट अजून दिसतात. एका दुपारी त्या पाटाच्या कडेने चालत गेले तर उताराचे गणित, पाण्याच्या वाटणीचे अपूर्णांक, पिकांची फेरपालट आणि पंचायतीचे नागरिकशास्त्र, असे चार विषय एकाच वाटेवर भेटतात. मी बारा वर्षे शाळेत शिकले, पुस्तकात नाईल नदी वाचली, पण पांझरेचा फड पुस्तकात आला नाही.

भाषेचेही तसेच. आमच्या घरी 'आंडोर' आणि 'आंडेर' म्हणतात. पहिलीच्या पुस्तकात 'मुलगा' आणि 'मुलगी' होते. घरच्या शाळेत मूल आपल्या बोलीत सुरुवात करू शकते आणि मग सावकाश पुस्तकी मराठीकडे येऊ शकते. हा फायदा लहान नाही.

हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतो, आणि तो मला फार जवळचा आहे. आमच्या घरी हे शिकवणार कोण? माझे वडील अंगठा देतात. आई चौथीपर्यंत शिकली. सकाळचे दोन-तीन तास, जे त्या शहरी आठवड्यात गणिताचे असतात, ते आमच्याकडे कांदे निंदण्याचे असतात.

आणि हा प्रयोग आमच्याकडे एकदा झालेलाही आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मी आठवीत होते. सरकारने सांगितले, घरी शिका. घरात एकच मोबाईल, तो वडिलांबरोबर शेतात जाई, आणि रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नसे. संध्याकाळी शेंगा तोडताना आई मला पुस्तक मोठ्याने वाचायला लावी. बरोबर काय नि चूक काय हे तिला नेहमी कळत नसे, पण मी अडखळले की ते तिला बरोबर कळे आणि ती म्हणे, "परत वाच." तेवढ्यावर माझे वाचन टिकले. गणित मात्र टिकले नाही. ते पुढे नववीत सरांनी शाळा सुटल्यावर बसवून करून घेतले.

आमच्या वर्गातल्या काही मुली शाळा उघडल्यावर आल्याच नाहीत. कुणाचे लग्न झाले होते, कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. आमच्याकडे 'मुलीला घरी शिकवू' याचे 'मुलीला घरी ठेवू' व्हायला वेळ लागत नाही. घरी असलेल्या मुलीला पाणी भरायचे असते, भाकरी टाकायच्या असतात, धाकट्याला सांभाळायचे असते. रमाबाईंच्या काळी मुलीने शिकायचे तर घरीच शिकावे लागे, कारण बाहेर दार नव्हते. माझ्या बाबतीत ते दार बाहेरच होते. शहरातल्या एखाद्या आईने पूर्ण विचार करून, स्वतःचा दिवस देऊन मुलीला घरी शिकवले तर मला तिचे कौतुकच वाटेल. पण शाळाच नकोत, असे जे कोणी सरसकट लिहितात, त्यांनी एकदा आमच्या पाड्यावर येऊन जावे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. शाळेत न गेलेले मूल पास कसे होईल? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालापासून आहे. तिची दहावी-बारावीची परीक्षा घरी अभ्यास करून देता येते. आपल्या राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. शिवाय सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसता येते, हे तर आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. कायद्याचे म्हणाल तर १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हणून त्यात सांगितले आहे. गृहशिक्षणाचे नावही त्या कायद्यात नाही. मात्र ते करणाऱ्या पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. जर्मनीत याउलट शाळेत जाणे बंधनकारकच आहे, आणि अमेरिकेतल्या सर्व राज्यांत घरी शिकवण्यास कायद्याने मुभा आहे.

जाता जाता एक सूचना करते. आपल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ते झाडणे आणि खड्डे खणणे होते. एका वर्षी पांझरेकाठच्या जुन्या बंधाऱ्यांची आणि पाटांची पाहणी करावी, नकाशे काढावेत. पाटकऱ्याचे काम केलेली म्हातारी माणसे ज्या गावांत असतील तिथे त्यांच्याजवळ बसून पाण्याच्या पाळ्या कशा लावीत ते लिहून घ्यावे, आणि बरोबर शेजारच्या शाळेतली सातवी-आठवीची मुले न्यावीत.