‘टक’ झालं म्हणजे पंपवाल्याने मारलं का?

फेब्रुवारीतली गोष्ट. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका पंपावर मृग बहाराच्या संत्र्याने भरलेली जुनी पिकअप उभी होती. नोझल आत गेलं, दोन-एक लिटर डिझेल पडलं आणि टक. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. पाचव्या टकेला ड्रायव्हर खाली उतरला आणि पंपावरच्या पोरावर तुटून पडला, “काऊन बे, टक टक करून गिऱ्हाइकाले लुटतं काय?” पोरगं विशीचं. “भाऊ, गाडीतच बिमारी हाये. मांगच्या गाडीले तं सरसर भरलं,” एवढंच ते म्हणालं. त्याचं कोणी ऐकलं नाही. मागच्या रांगेतले दोघे-तिघेही ड्रायव्हरच्याच बाजूने बोलू लागले.

पोराचं म्हणणं खरं होतं. हा गैरसमज मी बडनेऱ्यापासून बाळापूरपर्यंत इतक्यांदा ऐकला आहे की आता राहवत नाही. जुनी पिकअप, जुना टेम्पो, जुनी जीप, कोणतीही गाडी असो, टाकी भरताना नोझल अडलं की माणूस आधी पंपाला शिव्या घालतो. मग पंप बदलतो, तिथेही तेच होतं, तर म्हणतो, “सारेच मिळालेले हायेत.” चार पंपांवर एकच गाडी अडत असेल तर त्या चौघांत समान काय आहे, एवढा विचार करायला काय हरकत आहे?

आधी ते टक कशाने होतं ते पाहू. नोझलच्या टोकाजवळ आतल्या बाजूला एक बारीक भोक असतं. डिझेल वाहताना नोझलच्या आत जी ओढ तयार होते, ती या भोकातून हवा खेचत राहते. हवा मिळते तोवर सगळं ठीक. डिझेल किंवा त्याचा फेस वर चढून ते भोक बुजलं की हवा मिळत नाही, आतला पातळ पडदा ओढला जातो, खटका सुटतो आणि झडप बंद होते. यात ना वीज, ना चिप, ना पंपवाल्याचा हात. टाकी भरली तेव्हाच भोक बुजावं अशी ती योजना आहे. पण टाकी अर्धी असतानाच नळीत डिझेल तुंबलं तर नोझलला फरक कसा कळणार? त्याला फक्त आपल्या तोंडाशी डिझेल आलं एवढंच कळतं.

आता मापाचं. मोजणारं मीटर यंत्राच्या पोटात असतं आणि नोझल असतं नळीच्या अगदी शेवटच्या टोकाला. म्हणजे डिझेल आधी मोजलं जातं, मग नळीतून येतं. नळी कायम भरलेली असते. नोझल बंद झालं की तिच्यातलं डिझेल जागच्या जागी थांबतं, मीटरही थांबतं. पुन्हा दाबलं की दोन्ही पुन्हा सुरू. दहादा टक झालं तरी आकड्यात दिसतं तेवढंच टाकीत पडतं.

मग पंपांवर चोरी होतच नाही का? होते, आणि ते नाकारणं खोटेपणाचं ठरेल. 2017 साली आधी उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने लखनौमध्ये आणि मग ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या होत्या. पण ती चोरी मोजण्यात होती. तिचा आवाज येत नाही. अशी चोरी करणाऱ्याला तर नोझल अडलेलं परवडणारच नाही, गिऱ्हाईक सावध होतं ना! शंका मापाची असेल तर भांडू नका, पाच लिटरचं माप मागा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं हे माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि तुमच्यासमोर भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो, त्याहून कमी भरलं तर वजनमापे कार्यालयात किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता गाडीच्या खाली वाकू. टाकीत डिझेल जायचं तर तेवढीच हवा बाहेर यायला हवी. कळशी विहिरीत सरळ उपडी बुडवली तर भरत नाही, तसंच हे. त्यासाठी टाकी भरायच्या जाड नळीला लागूनच बोटाएवढी बारीक रबरी नळी टाकीच्या माथ्यापासून वर तोंडापर्यंत येते. मेकॅनिक तिला एअर पाइप म्हणतात, कोणी ब्रीदर म्हणतात. ती बंद पडली की हवा जाड नळीतूनच उलटी वर येते, सोबत डिझेल उसळवते आणि टक. निम्म्याहून जास्त वेळा रोग इथेच निघतो.

ती बंद का पडते? आपल्याकडे कारणं ढीगभर आहेत. टोपण हरवलं की कापडाचा बोळा कोंबायची सवय, त्याचे दोरे आत जातात. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली की काळ्या मातीचा चिखल सगळीकडे थापला जातो आणि वाळला की दगड होतो. फाळके बदलताना किंवा बॉडी नव्याने बांधताना नळी चेपली जाते. क्लिप तुटून नळी मधेच लोंबली तर त्या झोळात डिझेल साचून राहतं, आणि बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या नळीतून हवा जात नाही. हे तर भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

त्या मूर्तिजापूरच्या गाडीचं काय झालं? ड्रायव्हरला मी गाडी बाजूला घ्यायला लावली. पोतं अंथरून दोघे खाली गेलो. बारीक नळीचं वरचं टोक निसटून चेसिसला लागून लोंबत होतं. नळी काढून हातावर आपटली तर मातीचं बोटभर नळकांडं निघालं. दाबलं तसं फुटलं, आत वाळलेले कोळी. कुंभारीण माशीने घर केलं होतं. दिवाळीपासून गाडी गोठ्याशेजारी उभी होती, असं तो मग म्हणाला. नळी साफ करून बसवली, क्लिप आवळली, परत पंपावर नेली. 32 लिटर एका दमात गेलं. त्याने त्या पोराला “माफ कर भाऊ” म्हटलं, हे मला आवडलं.

बारीक नळी ठीक निघाली तर जाड नळी पाहा. जुन्या रबराचा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबतो आणि डिझेलच्या वाटेत येतो. बाहेरून काही दिसत नाही, नळी काढून उजेडाकडे धरावी लागते. बदलताना पाण्याच्या मोटरीचा पाइप कापून बसवू नका. तो डिझेलने फुगतो, आणि महिन्याभरात तुम्ही पुन्हा तिथेच. डिझेलचोरी होऊ नये म्हणून तोंडात बसवलेली जाळीही काढून पाहा. धार जाळीवर आदळली की फेस होतो, आणि नोझलला बंद पडायला फेस पुरतो. नळी मिळेपर्यंत नोझल थोडं बाहेर ओढून, किंचित फिरवून, हळू धारेने भरायला सांगा. हळू भरल्यावर टाकी बिनतक्रार भरत असेल तर हवेची वाट पूर्ण नव्हे, अर्धवट तुंबली आहे असं समजा.

एक उलटा प्रकारही आहे. भरताना त्रास नाही, पण चालता चालता गाडी दम तोडते आणि टोपण उघडल्यावर सुस्स आवाज करून हवा आत जाते. तिथे टाकीत हवा शिरायची वाट बंद आहे, बहुतेक टोपणातली. टोपण बदला. त्यासाठी डिझेल पंप खोलणाऱ्या मिस्त्रीला थांबवा.

आता ज्या गैरसमजाने जीव जातो तो. “टाकी रिकामी हाये, मार वेल्डिंग.” भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची असते, कारण आत द्रव नसला तरी वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं आणि ठिणगीला तेच हवं असतं. गळकी टाकी रस्त्यावरच्या वेल्डरकडे नेऊ नका, कोणी कितीही अनुभवी असो. बदलून घ्या. पंक्चरवाल्याच्या हवेने टाकीत जोरात फुंकर मारायची युक्तीही सोडा. नळी टाकीपासून वेगळी करा आणि मगच तिच्यात हवा मारा, नाहीतर कचरा टाकीत जाईल आणि फिल्टर चोंदेल.

बाकीचे किरकोळ. पहाटे भरलं की जास्त डिझेल मिळतं: पंपाची साठवण टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, आणि एका अंशाचा फरक पडला तरी 40 लिटरमागे 30-35 मिलिलिटर. अकोल्याच्या उन्हात टाकी फुल केली तर फुटते: फुटत नाही, इंडियन ऑइलनेही तसा जाहीर खुलासा केलेला आहे, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भरा. पाचशेऐवजी पाचशे दहाचं मागितलं की चोरी टळते: मापात खोट असलेलं यंत्र दोन्ही रकमांना कमीच देईल. पुस्तकात लिहिल्यापेक्षा चार लिटर जास्त गेलं म्हणजे फसवलं: भरणीची नळी आणि वर राखलेली मोकळी जागा त्या आकड्यात नसते. डिझेलातही आता इथेनॉल आहे: नाही, वीस टक्क्यांचं मिश्रण पेट्रोलमध्ये आहे.

पुढच्या वेळी टक झालं तर आधी मागच्या गाडीत त्याच नोझलने किती सहज भरतंय ते पाहा. त्यात भरलं आणि तुमच्यात अडलं, तर गाडी बाजूला घ्या, टोपण आणि ती बोटाएवढी नळी तपासा. बारा तास उन्हात उभ्या असलेल्या त्या पोरावर मात्र ओरडू नका.