तिकीट बोटीचं, बंदराचं नव्हे

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला आणि लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. नदी अशी फुगलेली असताना गाडी पुढे का जात नाही, हे मोहोळ तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चिडचिड होते, खोळंबा होतो, पण ड्रायव्हरच्या गचांडीला कुणी हात घालत नाही.

हीच माणसं समुद्रावर गेली की मात्र हिशेब बदलतो. मुंबई–गोवा, लक्षद्वीप, सिंगापूर अशा क्रूझ सफरी आता सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांतूनही बुक होतात. निवृत्त शिक्षकांचा गट असतो, नाहीतर आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीनिमित्त निघालेलं अख्खं घर. समुद्र मोहोळपासून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटर लांब, त्यामुळे त्याच्या रीतीभातींशी आपली ओळख बेताचीच. मग बोटीवर घोषणा होते, ‘उद्याचं बंदर रद्द’, आणि रिसेप्शनसमोर गर्दी जमते. काउंटरमागे बऱ्याचदा गोव्याचा किंवा कोकणातलाच एखादा मुलगा उभा असतो. ज्या निर्णयात त्याचा काडीचा वाटा नाही, त्यासाठी तो रात्रभर बोलणी खातो.

या गर्दीत जे बोललं जातं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. उरलेलं निम्मं रास्त असतं, पण ते चुकीच्या माणसाला ऐकवलं जातं.

‘गोव्याचे पैसे भरलेत, गोवा दाखवलाच पाहिजे’

सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. जगातल्या जवळपास प्रत्येक क्रूझ कंपनीच्या अटींमध्ये एक कलम असतं: हवामान, सुरक्षितता, बंदराची परवानगी, आजारपण, यंत्रातला बिघाड अशा कारणांनी मार्ग बदलता येईल, एखादं बंदर गाळता येईल, क्रमही फिरवता येईल. बुकिंग करताना ज्या चौकटीत आपण न वाचता टिचकी मारतो, तिच्यात हे कलम असतं. कंपनी तुम्हाला खोली, जेवण, करमणूक आणि अमुक रात्री समुद्रावर देते. बंदरं हा ‘ठरवलेला बेत’ असतो, हमी नसते.

रेल्वेचं तिकीट वेगळं. ते या स्टेशनापासून त्या स्टेशनापर्यंतचं असतं. म्हणूनच गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली आणि तुम्हाला त्या मार्गाने जायचं नसेल, तर प्रवास न करता टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरून पूर्ण परतावा मागता येतो. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिराने सुटणार असेल तरीही तो मिळतो. हा नियम अंगवळणी पडलेला प्रवासी क्रूझवरही तेच धरून चालतो, आणि तिथे फसतो.

आपल्याकडचं ठळक उदाहरण जानेवारी २०२२ मधलं. नववर्षाच्या सफरीला मुंबईहून निघालेली कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुरगाव बंदरापाशी पोहोचली, पण बोटीवर करोनाची लागण आढळली होती. दोन हजारांच्या आसपास लोकांच्या तपासण्या झाल्या, ६६ जण बाधित निघाले आणि बोट मुंबईला परत पाठवली गेली. ज्यांनी गोव्यात उतरून स्वतंत्र हॉटेल आणि परतीचं विमान ठरवलं असेल, त्यांना त्या खर्चासाठी बोटीच्या कंपनीकडे बोट दाखवायला जागा नव्हती. वेगळं काढलेलं बुकिंग ही ज्याची त्याची जोखीम असते. त्याच वर्षी जूनमध्ये हीच बोट चेन्नईहून निघाली असताना पुदुच्चेरी सरकारने तिला परवानगी दिली नाही. तिथे बोटीवरच्या कॅसिनोवरून राजकीय वाद पेटला होता. प्रवाशांना पुदुच्चेरी लांबूनच पाहावी लागली.

बाहेरून सारख्या दिसल्या तरी या दोन घटना एका जातीच्या नाहीत. एकीत कारण ऐनवेळी उद्भवलं, दुसरीत प्रश्न बंदराच्या परवानगीचा होता. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

‘ऊन पडलंय, समुद्र शांत आहे, मग बोट का लागत नाही?’

कारण डेकवरून दिसणारा समुद्र आणि धक्क्याजवळचा समुद्र यांत फार अंतर असतं. ‘एम्प्रेस’ची लांबी सुमारे २११ मीटर. पाण्याखाली तिचा भाग जेमतेम सातेक मीटर, आणि पाण्यावर मजल्यांवर मजले. ही उभी बाजू म्हणजे वाऱ्यासाठी आयतं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाण्यावरची बाजू चार हजार चौरस मीटर धरली आणि वारा ४० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरचा धरला, तर साध्या गणिताने बोटीवर आडवा रेटा येतो शंभर टनांच्या आसपास. भर समुद्रात एवढ्याने काही बिघडत नाही, कारण सरकायला मोकळी जागा असते. पण बंदराच्या चिंचोळ्या वाटेत, धक्क्यापासून काही मीटरांवर, बोट जवळजवळ थांबलेली असते. तेव्हा सुकाणूला पाणी धरत नाही आणि सगळी भिस्त टगवर व आडव्या पंख्यांवर असते. मोठी बोट खोल समुद्रात जितकी भक्कम, तितकीच धक्क्यापाशी अवघडलेली.

लक्षद्वीपचं आणखी वेगळं. तिथल्या बेटांना मोठी क्रूझ लागेल असा धक्काच नाही. बोट बाहेर थांबते आणि प्रवासी लहान होड्यांतून किनाऱ्यावर जातात. शेकडो किलोमीटरांवरच्या वादळातून निघालेली लांब लाट निळ्याशार आकाशाखालीही तिथपर्यंत पोहोचते. मोठ्या बोटीवर चहाचा कप हलत नसतो, आणि तिच्या दाराशी लागलेली होडी मात्र माणूसभर वरखाली होत असते. सत्तरीतल्या आजीने त्या दोन्हींमधल्या फटीवरून पाय टाकायचा असतो.

वाऱ्याची ही ताकद आपल्या जिल्ह्याने अगदी जवळून पाहिली आहे. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती होडी लहान होती आणि क्रूझशी तिची तुलना होत नाही. पण ‘थोडा वारा आहे, चालतंय की’ हे वाक्य मी त्यानंतर हलक्याने घेऊ शकत नाही.

‘कॅप्टन शेवटी कंपनीचाच नोकर’

पगार कंपनीचा, हे खरं. पण समुद्रावरच्या सुरक्षिततेचा ‘सोलास’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या पाचव्या प्रकरणात एक नियम स्पष्ट लिहिलेला आहे: माणसांच्या जिवासाठी आणि समुद्राच्या पर्यावरणासाठी कॅप्टनला जो निर्णय आवश्यक वाटेल, तो घेण्यापासून मालक, भाडेकरू किंवा कंपनी त्याला रोखू शकत नाही. प्रवाशांच्या सह्यांचा कागदही रोखू शकत नाही, हे ओघानेच आलं.

एक संशय नेहमी कानावर येतो. बंदर गाळलं की लोक बोटीवरच राहतात, तिथेच खर्च करतात, कॅसिनो भरतो, मग कंपनीची चांदी. संशय अगदी हवेतला नाही. समुद्रावरच्या दिवशी बोटीवरची विक्री वाढते. पण किनाऱ्यावरच्या सहली विकून मिळणारा पैसा बुडतो, नाराज गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जातं. एवढ्यासाठी कॅप्टन खोटं वादळ उभं करील असं मला वाटत नाही. कुठल्या बाजूने चूक व्हावी असं विचाराल, तर मार्च २०१९ मधली ‘व्हायकिंग स्काय’ आठवावी. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ भर वादळात तिची इंजिनं बंद पडली आणि चारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावं लागलं. बोडो हे बंदर हवामानामुळे तिने आधीच गाळलं होतं. तरीही पुढची वाट वादळातूनच होती.

‘वेग वाढवा आणि वेळ भरून काढा’ ही सूचनाही हमखास येते. मुंबई ते मुरगाव अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल. एवढ्या अंतरात वेळ भरून काढायचा तर वेग बराच वाढवावा लागतो. वेग वाढवला की लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. शिवाय बंदरातली ठरलेली वेळ चुकली की धक्का दुसऱ्या बोटीला गेलेला असतो.

आणि प्रवासविमा? बहुतेक पॉलिसी आजारपण, सामान, सफर रद्द होणं यांसाठी असतात. एक बंदर हुकलं म्हणून पैसे देणारी पॉलिसी विरळाच. घेण्याआधी हे एजंटकडून लेखी विचारून घ्यावं.

‘अटींवर सही केली, आता काही करता येत नाही’

हा गैरसमज पहिल्याच्या अगदी उलट टोकाचा आहे, आणि माझ्या मते जास्त नुकसान करणारा.

आधी छोट्या रकमा. न लागलेल्या बंदराचं शुल्क आणि कर तिकिटात धरलेले असतील, तर ते परत मागावेत. बोटीवरून विकत घेतलेली किनाऱ्यावरची सहल रद्द झाली, तर तिचे पैसे परत मिळायला हवेत. ते बहुधा बोटीवरच्या खात्यातच जमा होतात, त्यामुळे उतरण्याआधी बिल नीट तपासावं. मूळ भाड्यातला हिस्सा मात्र सहसा मिळत नाही. २०१९ मध्ये ‘नॉर्वेजियन स्पिरिट’ या बोटीने एकामागून एक बंदरं गाळली, आइसलँडसुद्धा. प्रवाशांनी बोटीवर घोषणा देत परताव्याची मागणी केली. कंपनीने देऊ केली ती पुढच्या सफरीवर पंचवीस टक्के सवलत. आधीच तोंड पोळलेल्या माणसाला पुन्हा तिथेच बोलावण्याचा हा प्रकार.

खरा मुद्दा ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्याने उघड केला. २०१३ मध्ये युरोपातल्या नद्यांना पूर आले होते. सीनिक टूर्स या कंपनीच्या आलिशान नदी-सफरीवर गेलेल्या प्रवाशांचे बरेच दिवस बोटीऐवजी बसमध्ये गेले. त्यांनी एकत्रितपणे दावा लावला. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सफरीच्या अपेक्षाभंगाचीही भरपाई मागता येते, असा निकाल दिला. पूर आला म्हणून कंपनीला कुणी दोष देत नव्हतं. पूर आहे हे ठाऊक असताना सफर का काढली आणि प्रवाशांना वेळेत का सांगितलं नाही, हा आक्षेप होता.

म्हणून घोषणा झाली की ‘मार्ग का बदलला’ यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. कंपनीला हे कधी कळलं आणि तिने तुम्हाला कधी सांगितलं, हे विचारावं. पहाटे वारा सुटला आणि सकाळी बंदर रद्द झालं, तर भांडणात दम नाही. पण बंदराची परवानगीच हातात नसताना जाहिरातीत ते बंदर छापलं, किंवा धक्का दुसऱ्या बोटीला गेल्याचं महिनाभर आधी ठाऊक असून बोट सुटेपर्यंत गप्प बसले, तर गोष्ट वेगळी. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणंही स्पष्टपणे मोडतं. अटींमध्ये मार्गबदलाचं कलम असलं म्हणून ही जबाबदारी पुसली जात नाही.

दावा कुणावर, हेही पाहायला हवं. मोहोळकराचं बुकिंग बऱ्याचदा सोलापूर किंवा पुण्याच्या टूरवाल्यामार्फत झालेलं असतं, आणि ‘गोवा दर्शन नक्की’ असं छापलेलं माहितीपत्रक त्याचंच असतं. बोट कंपनीने दिलं नसेल असं वचन त्याने दिलेलं असतं. म्हणून माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप, पैशांच्या पावत्या आणि बोटीवर मिळालेली लेखी सूचना एवढं जपून ठेवावं. घोषणेचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि वेळ, दोन्ही उपयोगी पडतात. रिसेप्शनवरच्या आरडाओरड्याचा व्हिडिओ मात्र काहीच सिद्ध करत नाही.

तक्रारीसाठी मुंबईला किंवा कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागतात, ही समजूतही जुन्या कायद्याच्या काळातली. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे मोहोळच्या माणसाला सोलापूरच्या आयोगाकडे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो, आणि ती ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. करारातली अटच अन्यायकारक आहे असा दावा करायचा असेल, तर तो राज्य आयोगाकडे जातो, त्यामुळे जिल्ह्याच्या तक्रारीत भर सेवेतल्या त्रुटीवर ठेवावा. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. काही टूरवाले तेवढ्यावरच चर्चेला तयार होतात.