सत्ताविशीत बीडीएस : सावंगी की नागपूर?

चालू नोकरी सोडून डेंटिस्ट व्हायचंय? वयाचं टेन्शन नको! नीटची कमाल वयोमर्यादा 2022 मध्येच गेली. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी मात्र हवंच. खरी गोची कॉलेज निवडताना होते. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं शरद पवार डेंटल कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, त्यामुळे तिथले प्रवेश दिल्लीच्या एमसीसीकडून. नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजातल्या 85 टक्के जागा मात्र राज्याच्या सीईटी सेलकडे. म्हणजे नीट एकच, पण फॉर्म दोन अन् तारखाही वेगळ्या. नागपूरला फी कमी, पण मार्क भरपूर लागतात. सावंगीचं गणित लाखांत. शिवाय इंटर्नशिप धरून पाच वर्षं पगार बंद! आमचं मत विचाराल तर फॉर्म दोन्हीकडे भरा. फ्लॅटचा ईएमआय चालू असेल, तर सावंगीचा चॉइस लॉक करण्याआधी घरच्यांसोबत हिशेबाला बसा.