मार्जारमुखी

माझ्या सासूबाईंच्या देवघरात खुंटीला लाल बनातीची एक गोमुखी टांगलेली असे. गाईच्या मुखाच्या आकाराची ती पिशवी. जपाला बसताना त्या उजवा हात माळेसह तीत घालीत, आणि मग बोटांखालून सरकणारा मणी ना त्यांच्या दृष्टीस पडे, ना दुसऱ्या कोणाच्या. सासूबाई गेल्या, गोमुखी पेटीत गेली, आणि तिची आठवण मला पुन्हा झाली ती गेल्या चातुर्मासात, नातीने "आजी, मला फोनसाठी मांजराची पिशवी विणून दे ना" असा हट्ट धरला तेव्हा. प्राण्याचे मुख असलेली, सदैव हाताशी राहणारी आणि ज्या वस्तूकडे दिवसातून पुनःपुन्हा हात जातो ती वस्तू पोटात सांभाळणारी पिशवी आपल्या घराला मुळीच नवी नाही, हे त्या क्षणी ध्यानी आले, आणि मी कपाटातून क्रोशाची सुई बाहेर काढली. पिशवीला मनाशी मार्जारमुखी असे नावही देऊन टाकले.

अंगावर वागवावयाच्या प्रत्येक जिनसेला आपल्या लोकांनी पूर्वापार स्वतंत्र निवारा दिलेला आहे. रुपये कमरेच्या कशात, पानतंबाखू चंचीच्या कप्प्यांत, सुपारी नि सुटी नाणी बटव्यात, दरबारी पत्र खलित्यात. पुढे क्रोशा घराघरांत आला आणि ही माया यंत्रांच्याही वाट्याला आली. रेडिओ आला तेव्हा त्यावर दोऱ्याचा जाळीदार रुमाल पडला, दूरचित्रवाणीचा संच आला तेव्हा त्याला झालर लागली, काळ्या टेलिफोनच्या बुडाखाली पांढरी गोल चकती आली. यात केवळ धुळीचा बंदोबस्त होता असे मला कधीच वाटले नाही. कारखान्यातून निघालेले, शेजाऱ्याच्या घरी असते तंतोतंत तसेच असणारे यंत्र आपल्या घरचे व्हावे म्हणून घरातील बाई त्यावर आपल्या हाताची खूण उमटवीत असे. नव्या सुनेच्या अंगावर घरचे लेणे घालावे, तसाच तो संस्कार होता. आज यंत्र खिशात मावण्याइतके लहान झाले आहे, आणि म्हणून त्याचे वस्त्रही पिशवीएवढे झाले आहे.

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला. लहानसा आकडा असा त्याचा मूळ अर्थ. दोन सुयांवरच्या विणकामात शेकडो टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, आणि सुई निसटली तर सबंध ओळ संकटात येते. क्रोशात मात्र कोणत्याही क्षणी उघडा वेढा बहुधा एकच असतो, बाकीचे सारे टाके आपापल्या जागी बंद होऊन बसलेले असतात. म्हणूनच हे काम आगगाडीत, दवाखान्याच्या बाकावर, स्वयंपाक शिजत असताना, कुठेही हातातून खाली ठेवता येते, आणि चुकले तर दोरा ओढून चुकीच्या जागेपर्यंत उसवून पुन्हा आरंभ करता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडात बटाट्याच्या पिकाचा नाश होऊन भीषण दुष्काळ पडला, त्या वेळी क्लोन्स नावाच्या गावी कॅसँड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने १८४७ साली उपाशी कुटुंबांतील बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवण्याची तजवीज केली. व्हेनिसची सुईने घडवलेली लेस फार वेळखाऊ. तिच्याच तोलाची शोभा या आकड्याने पुष्कळ लवकर साधे, आणि भांडवल म्हणून दोरा नि एक आकडा एवढेच लागे. यंत्रयुग त्यानंतर भरभरून आले. पायमोज्यापासून स्वेटरपर्यंत सर्व काही यंत्रावर निघू लागले. परंतु क्रोशाचा खरा टाका आजही माणसाच्या हातानेच घातला जातो. बाजारात यंत्रावरची जी जाळी क्रोशा म्हणून विकली जाते तिची वीण वेगळ्याच जातीची असते.

विणलेल्या प्राण्याची कल्पना जपानातून आली. विणणे या अर्थाचा शब्द आणि कापडी बाहुल्यासाठी असलेला शब्द यांचा संधी करून जपानी लोकांनी 'अमिगुरुमी' असा शब्द घडवला, आणि त्या नावाखाली अस्वले, ससे, बेडूक, मांजरे यांची एक इवलीशी सृष्टी क्रोशाच्या सुईतून जगभर पसरली. या सृष्टीचा सारा डोलारा एका साध्या टाक्यावर उभा आहे. आपल्याकडे त्याला मुका खांब म्हणतात. सुई खालच्या टाक्यात घालावी, दोरा ओढून घ्यावा, सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर काढावा. रुमालांना नि तोरणांना लागतो तो उंच खांब. त्याची जाळी मोकळी पडते आणि तिच्यातून प्रकाश खेळतो. पिशवीला ते सौंदर्य कामाचे नाही. तिला दाट, अंग धरून राहणारी वीण हवी, आणि ती मुक्या खांबानेच मिळते.

दोरा सुती घ्यावा. लोकर मऊ खरी, पण ती ओझ्याने लांबते आणि घर्षणाने तिच्यावर गोळे येतात; मध्यम जाडीचे सूत आपला आकार सोडीत नाही आणि नळाखाली निर्धास्त धुता येते. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर सुईचे जे माप छापलेले असते त्याहून अर्ध्या मिलीमीटरने बारीक सुई वापरावी. साडेतीनची शिफारस असेल तर मी तीनची घेते, आणि त्यानेच विणीला जो घट्टपणा येतो तो पुढे कितीही युक्त्या केल्या तरी येत नाही. आता मापाचा हिशेब. नातीचा फोन त्याच्या कवचासह १६ सेंटीमीटर उंच, ८ सेंटीमीटर रुंद आणि सव्वा सेंटीमीटरहून किंचित कमी जाड आहे. म्हणजे त्याच्याभोवती फिरवलेली फीत सुमारे १८ सेंटीमीटर भरते. प्रथम लहानसा नमुना विणून १० सेंटीमीटरांत किती टाके बसतात हे मोजले पाहिजे. पुष्कळजणी हा टप्पा आळसाने टाळतात, आणि मग फोन शिरत नाही किंवा आत लोळतो, याचा दोष सुताला देतात. माझ्या हाताला १० सेंटीमीटरांत २२ टाके पडले. १८ सेंटीमीटरांना ४० टाके पुरतात हे त्यावरून ठरले.

आरंभ २० साखळ्यांनी करावा. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, पुढच्या १७ साखळ्यांत एकेक, शेवटच्या साखळीत ३, आणि मग काम उलटे न करता केवळ वळवून त्याच साखळ्यांच्या दुसऱ्या कडेने परत यावे: १७ खांब, आणि ज्या साखळीत पहिला खांब घातला होता तीत आणखी २. फेरीला बरोबर ४० टाके होतात, आणि पिशवीचा तळ शिवण न घालता आपोआप बंद होतो. शिवण नसलेला हा तळ मला या साऱ्या कामातील सर्वांत चतुर भाग वाटतो. ज्या ठिकाणी ओझे पडावयाचे त्याच ठिकाणी सांधा नाही. यापुढे वाढ नाही, घट नाही. फेऱ्यामागून फेऱ्या गोल फिरत जावे, फेरीचा आरंभ कळावा म्हणून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक तुकडा टाक्यात अडकवावा आणि दर फेरीस वर न्यावा. ४१ फेऱ्यांनी सुमारे १७ सेंटीमीटर उंची होते. फोनच्या माथ्यावर बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर तो काढताना पिशवीच्या तोंडाची ओढाताण होते.

४१ फेऱ्या आणि ४० टाके, म्हणजे १६४० मुके खांब. माझ्या हाताला चार संध्याकाळ लागल्या, कान, शेपूट आणि पट्टा वेगळे. हा आकडा मी मुद्दाम लिहिते, कारण अशी पिशवी प्रदर्शनात पाहून "एवढीशी तर आहे" म्हणत भाव करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या त्या उद्गाराने मला दर वेळी मनापासून वाईट वाटते. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी ज्या मुलखात समुद्राला मिळते, त्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर येथे क्रोशाची लेस करणाऱ्या स्त्रियांचा मोठा समुदाय पिढ्यान्‌पिढ्या वसलेला आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ साली त्यांच्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या बायकांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटले जाई, त्यांचे श्रम फावल्या वेळचा विरंगुळा मानले जात, आणि सबब त्यांची मजुरी नगण्य राही, असे तिने तेथे दाखवून दिले. जे काम बाई मांडीवर घेऊन करते ते काम नव्हेच, ही समजूत किती खोल रुजलेली आहे! आपण स्वतः एकदा ४० टाक्यांची एक फेरी घालून पाहावी, आणि मगच विकत घेताना भाव करण्यास तोंड उघडावे, एवढीच माझी विनंती आहे.

पट्ट्याविषयी एक सावधगिरी. २०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा फोन दिवसभर खांद्यावर झुलत राहिला की विणलेला पट्टा हळूहळू लांबत जातो, आणि छातीशी असलेली पिशवी महिन्याभरात कमरेखाली उतरते. माझ्या पहिल्या पिशवीची हीच गत झाली. त्यानंतर मी पट्ट्याच्या पाठीमागे त्याच लांबीची सुती फीत बारीक टाक्यांनी शिवू लागले. ओझे फीत उचलते, शोभा क्रोशा सांभाळतो. आतून पातळ सुती अस्तर लावावे, म्हणजे सुताचे तंतू फोनच्या छिद्रांत जात नाहीत. आणि फोन विजेला जोडलेला असताना तो पिशवीत ठेवू नये. त्या वेळी तो तापतो, आणि ती उष्णता त्याच्या अंगातून बाहेर पडावयास मोकळी हवा लागते.

कान सोपे आहेत. बोटाभोवती दोरा गुंडाळून केलेल्या, ओढला की मिटणाऱ्या वर्तुळात ४ टाके, आणि पुढे प्रत्येक फेरीत दोन-दोन वाढवीत १२ पर्यंत गेले की टोपीसारखा शंकू तयार होतो. तो चपटा केला की ६ टाक्यांचा कान. पिशवीची एक बाजू २० टाक्यांची. दोन टोकांना ६-६ टाक्यांचे कान आणि मध्ये ८ टाक्यांचे कपाळ. कान मागच्या काठाला शिवावेत, म्हणजे फोन काढताना बोटांना अडत नाहीत. शेपटीची योजना मला विशेष प्रिय आहे. ती मागच्या काठाच्या मध्यातून निघते, दोन कानांमधून पुढे येते, आणि तिच्या टोकाचा फास समोर नाकाच्या जागी लावलेल्या लाकडी बटणात अडकतो. मांजर निजताना शेपूट नाकावर ओढून घेते, तशीच ही पिशवी मिटते.

मग उरतो चेहरा, आणि पिशवी मांजर होणार की नुसती कान लावलेली थैली राहणार हे त्यावर ठरते. कॉनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली असे प्रतिपादन केले की, मोठे डोके, उंच कपाळ, चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली बसलेले मोठे डोळे आणि फुगीर गाल ही बालकाची लक्षणे दिसताच मनुष्याच्या ठिकाणी वात्सल्य आपोआप जागे होते, मग ते बालक माणसाचे असो वा पशूचे. विणणाऱ्याला यातून एक सरळ सूत्र मिळते: डोळे खाली घ्या, आणि एकमेकांपासून दूर न्या. तेच डोळे दोन सेंटीमीटर वर सरकवले तर मांजर प्रौढ आणि करडे दिसू लागते. तोंड काढलेच पाहिजे असे नाही. जपानच्या सान्रिओ या कंपनीने १९७४ साली निर्माण केलेल्या 'हॅलो किटी'च्या मुद्रेला तोंड नाही, आणि त्यामुळेच पाहणाऱ्याला आपल्या मनातला भाव तिच्यावर पाहता येतो. डोळे मात्र दोऱ्यानेच भरावेत. खेळण्यांसाठी मिळणारे प्लॅस्टिकचे चकचकीत डोळे मोहक दिसतात, परंतु त्यांना जागी धरणारी चकती आतल्या अंगाला उंचवटा करते, आणि नेमका तोच उंचवटा फोनच्या काचेवर घासत राहतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. गोल फिरणाऱ्या फेऱ्यांत मुके खांब एकावर एक सरळ बसत नाहीत. प्रत्येक फेरी बारीकशी उजवीकडे कलते, आणि ४१ फेऱ्यांनंतर खालचा मध्य आणि वरचा मध्य यांत बोटाचे अंतर पडते. म्हणून टाके मोजून चेहरा बसवू गेले तर तो वाकडाच बसतो. पिशवी पुरी करावी, फोन आत घालून ती सपाट ठेवावी, आणि मग नजरेने मध्य काढावा.

मी तसेच केले. फोन आत घातला, कानांच्या काठापासून ५ सेंटीमीटरांवर डोळ्यांच्या जागी दोन टाचण्या लावल्या, आणि नातीला हाक मारली. ती बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिली. मग काही न बोलता तिने दोन्ही टाचण्या काढल्या, बोटभर खाली आणि किंचित बाहेरच्या अंगाला पुन्हा टोचल्या, आणि डावी उजवीपेक्षा केसभर वर ठेवली. "अशी राहू दे, आजी. ती ऐकते आहे." मी टाचणी सरळ करण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला, काळा दोरा ओवला, आणि तिने दाखवलेल्या जागीच प्रत्येक डोळ्याला सहा वेढे घातले. अस्तर त्यानंतर लावले.