विश्लेषण : वीज कुठे पडली, हे घड्याळ कसे सांगते?

मराठवाड्यात वळवाच्या पावसापासून परतीच्या पावसापर्यंत विजेची धास्ती असते. जूनमध्ये कापसाची लागवड आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, या दोन्ही वेळी माणसे उघड्या रानात असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार, २०२२ मध्ये देशभरात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे (आयआयटीएम) ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलधारकाच्या आसपास २० आणि ४० किलोमीटर परिघात पडणाऱ्या विजांची सूचना देते. ही सूचना अवलंबून असते ती एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर बसवलेल्या सेन्सरमधील घड्याळांवर. ही घड्याळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जुळली नाहीत, तर वीज नकाशावर भलत्याच गावात पडते.

वीज पडल्याचे सेन्सरला कसे कळते?

वीज चमकते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही बाहेर पडतात. जुन्या रेडिओवर पावसाळी रात्री ऐकू येणारी खरखर त्याचीच. आयआयटीएमने देशात ८० हून अधिक ठिकाणी बसवलेले सेन्सर या लहरी टिपतात. एकटा सेन्सर जागा सांगू शकत नाही. तो फक्त लहर आल्याची नेमकी वेळ नोंदवतो. अनेक सेन्सरच्या वेळा एकत्र केल्या, की कोणाकडे लहर किती आधी पोहोचली यावरून विजेची जागा काढता येते. गणितापुरती तीन ठिकाणे बहुतेक वेळा भागतात. खात्रीसाठी चार किंवा अधिक लागतात.

समजा, फुलंब्रीजवळ वीज पडली. एक सेन्सर तिथून ६० किलोमीटरवर आहे, दुसरा १५० किलोमीटरवर. रेडिओ लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जाते. त्यामुळे पहिल्याकडे ती २०० मायक्रोसेकंदांत पोहोचेल, दुसऱ्याकडे ५०० मायक्रोसेकंदांत. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. या ३०० मायक्रोसेकंदांच्या फरकातच विजेच्या जागेचा पत्ता दडलेला असतो.

घड्याळ थोडे चुकले तर काय बिघडते?

एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. एका सेन्सरचे घड्याळ दहा मायक्रोसेकंद पुढे असेल, तर अंतराच्या हिशेबात तीन किलोमीटरची चूक होते. एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग चुकला तर चूक ३०० किलोमीटरची. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतरही त्याहून कमी आहे.

सगळी घड्याळे सारखीच पुढे असतील, तर मात्र विजेची जागा बरोबरच येते, कारण हिशेब फरकाचा असतो. म्हणून घड्याळ बरोबर असण्यापेक्षा सर्वांचे एकमत असणे जास्त महत्त्वाचे ठरते.

चांगली घड्याळे बसवून प्रश्न सुटत नाही का?

नाही. साध्या मनगटी घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याची चाल २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नेमकी असते. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हातली लोखंडी पेटी त्याहून कितीतरी जास्त तापते. ५५ अंशांना असे घड्याळ दिवसाला सुमारे अडीच सेकंद मागे पडते. म्हणजे दर सेकंदाला ३० मायक्रोसेकंद आणि अंतराच्या हिशेबात नऊ किलोमीटर! महागडा स्फटिक घेतल्यास घसरण कमी होते, पण थांबत नाही. त्यामुळे घड्याळे सतत कशाशी तरी ताडून पाहावी लागतात.

मग वेळ इंटरनेटवरून का घेत नाहीत?

मोबाइल आणि संगणक आपली वेळ नेटवर्कवरूनच जुळवतात. ‘वेळ काय?’ असा संदेश सर्व्हरकडे जातो, उत्तर येते आणि प्रवासाला लागलेला वेळ निम्मा धरून वजा केला जातो. पण जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखा असतोच असे नाही. त्यामुळे काही मिलिसेकंदांची चूक राहते. तिकीट काढायला किंवा बँकेच्या व्यवहाराला एवढे चालते, विजेला चालत नाही.

सेन्सरची माहिती मुख्य केंद्राकडे इंटरनेटवरून उशिरा पोहोचली, तरी जागा चुकत नाही. वेळ आधीच सेन्सरवर नोंदलेली असते. पत्र उशिरा मिळाले तरी पाकिटावरचा टपालाचा शिक्का बदलत नाही, तसेच हे.

सर्वांना एकच वेळ कुठून मिळते?

आकाशातून. जीपीएस उपग्रहांत अणुघड्याळे असतात. त्यांचे संदेश घेऊन सेन्सरमधील रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. या ठोक्यातील चूक मायक्रोसेकंदाहूनही बरीच कमी असते. घसरणारे स्थानिक घड्याळ प्रत्येक ठोक्याला ताळ्यावर आणले जाते. सापेक्षतावादामुळे उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, म्हणून तीही दुरुस्ती आधीच केलेली असते. भारताच्या ‘नाविक’ प्रणालीसाठी २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात देशात बनवलेले रुबिडियम अणुघड्याळ आहे.

प्रत्येक सेन्सरला इतकी अचूकता लागते का?

नाही. काय मोजायचे त्यावर गरज ठरते.

- जमिनीतील ओलावा, पाऊस : काही सेकंदांचा फरक चालतो.
- भूकंप : पहिल्या लहरी कवचातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर वेगाने येतात. एक सेकंद चुकला तर केंद्र सहा किलोमीटरने सरकू शकते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप अनुभवलेल्या मराठवाड्याला अशा नोंदींचे महत्त्व वेगळे सांगायला नको.
- गुरुत्वीय लहरी : २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांत पहिली लहर सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली. तिची दिशा शोधताना हाच फरक कामी आला. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे होणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

मोबाइलवर सूचना आली नाही, तर धोका नाही असे समजावे का?

अजिबात नाही. सेन्सर पडलेली वीज दाखवतात. पुढची कुठे पडेल हा अंदाज असतो. शिवारात मोबाइलला रेंज नसेल, तर तोही पोहोचत नाही.

अशा वेळी सेकंद मोजणे उपयोगी पडते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंदांचे अंतर म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल, तर लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.