जंतूची जात आणि जनुकाची वाट

औषधांना दाद न देण्याचा गुण एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीच्या जिवाणूत थेट जाऊ शकतो, हे जपानमधील आमांशाच्या साथींनी १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते. आमांशाला कारण होणारे शिगेला हे जिवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना एकदमच जुमानेनासे झाले आणि रुग्णांच्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंतही हाच गुण आढळू लागला. चार वेगवेगळी उत्परिवर्तने एकाच पेशीत एका वेळी घडणे जवळजवळ अशक्य असल्याने हा सारा संच एकगठ्ठा हस्तांतरित होत असावा, असा तर्क निघाला आणि १९५९ मध्ये प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली.

या संचाचे वाहन म्हणजे प्लाझ्मिड, अर्थात मुख्य गुणसूत्रापासून अलग राहून स्वतःच्या प्रती काढणारे डीएनएचे छोटे वर्तुळ. दोन पेशी एकमेकींना भिडल्या की प्लाझ्मिडचा एक पदर दुसरीत शिरतो आणि दोन्हीकडे जोडपदर तयार होतो. त्यामुळे देणारीचे काहीच कमी होत नाही. या प्रक्रियेला संयुग्मन म्हणतात.

भारताशी निगडित असलेले एनडीएम-१ हे जनुक याचे ठळक उदाहरण आहे. त्यापासून बनणारे विकर जस्ताच्या साहाय्याने पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचे मूळ कडेच तोडते आणि अतिदक्षता विभागात राखून ठेवली जाणारी कार्बापेनेम औषधेही निष्प्रभ करते. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या मूत्रातील क्लेब्सिएला जिवाणूत २००८ मध्ये हे जनुक सापडले. परंतु त्याहून महत्त्वाची बाब अशी, की त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही ते होते, मात्र वेगळ्या आकाराच्या प्लाझ्मिडवर. जनुकाने जात बदलली होती आणि वाहनही जसेच्या तसे राहिले नव्हते. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणू-नमुन्यांपैकी २२ मध्ये हेच जनुक आढळले, तर दिल्लीत नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यांवरील साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ते असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

अशा प्लाझ्मिडवर बहुधा इतर औषधांविरुद्धची जनुकेही शेजारी असतात, त्यामुळे त्यांपैकी कोणतेही एक औषध दिले तरी सारा संच टिकून राहतो आणि संवेदनशील जिवाणू मेल्याने मोकळी झालेली जागा त्याच्या वाहकांना मिळते. असे जिवाणू बाळगणाऱ्या रुग्णाला बहुधा त्रास नसतो. जिवाणू आतड्यात राहतात आणि हातांवरून, कॅथेटरवरून किंवा हात धुण्याच्या बेसिनच्या निचरा-नळीतील चिकट थरातून पुढच्या खाटेपर्यंत पोहोचतात. म्हणूनच एका खाटेवर क्लेब्सिएला आणि शेजारी ई. कोलाय असे अहवाल आले, की त्यांना दोन स्वतंत्र घटना समजण्याची सवय घातक ठरते. दोन्हींतील प्लाझ्मिडची तुलना झाली नाही, तर एकच साथ दोन नोंदवह्यांत विभागली जाते आणि कोणत्याही नोंदवहीत ती साथ म्हणून दिसत नाही.